बाबांचा समुद्र

ताईच्या धाकट्या भावाने परदेशातून व्हीआर हेडसेट पाठवला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेले बाबा तो डोळ्यांवर चढवून रोज समुद्रकाठी फिरायचे, पाण्यात मात्र उतरायचे नाहीत, आणि लेकाचे गोडवे गायचे. त्यांना न्हाऊ घालणाऱ्या ताईचा जळफळाट व्हायचा. आज समुद्रावर हिरवे चौकोन नाचू लागले. "त्याला फोन लाव, त्यालाच कळेल," बाबा म्हणाले. ताईने दातओठ खाल्ले. चौकोन कॉम्प्युटरच्या पडद्यावरही होते, म्हणजे हेडसेट ठीक होता. तिने कॉम्प्युटर उघडला. चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा धुळीने जाम होऊन कार्ड तापलं होतं. 'कार्ड जळालं' असं खोटंच सांगितलं की लेकाचा समुद्र कायमचा आटेल, तिच्या मनात आलं. तरी तिने ब्रशने धूळ झटकून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. समुद्र लख्ख झाला. बाबांनी हात पुढे केला. "चल, आज पाण्यात उतरू." "तो इथे नाही, बाबा. मी आहे," ती फणकारली. "माहीत आहे," त्यांनी तिचा हात धरला, "म्हणून तर उतरतोय."