बारदाना

वजन उतरवायच्या इंजेक्शनचा खर्च विमा कंपनी देणार होती, पण तिला वजनाची छापील पावती हवी होती. दवाखान्यातला काटा दीडशेवरच अडला. मग त्रिंबक मान खाली घालून कुंभार पिंपळगावच्या आडतीवर गेला आणि सोयाबीनच्या मोठ्या काट्यावर उभा राहिला. हमाल तोंडाला रुमाल लावून हसू लागले.

"एकशे अडुसष्ट," काटेवाला धर्मराज म्हणाला, आणि रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायच्या रोजच्या सवयीनं विचारून बसला, "बारदाना किती धरू, त्रिंबकराव?" लगेच त्यानं जीभ चावली.

त्रिंबकनं हमालांकडं बघितलंच नाही. "वजा करायला काही ऱ्हायलंच न्हाई, धर्मराजभाऊ. माल कवाच सरला. हा समदा बारदानाच हाय."