पसाभर कोंडा

“दोन बाप असलेल्या माणसाला बोटीवर चढता येत नाही,” तहसीलदार शंकरनारायण म्हणाले. ते हसले नाहीत.

समोर दोन कागद होते. कुंभकोणम नगरपालिकेच्या जन्मनोंदीत रघुनाथच्या बापाचं नाव महालिंग होतं, शाळेच्या दाखल्यावर हनुमंतराव. महालिंग दोन वर्षांपूर्वी वारले होते. हनुमंतराव टेबलापाशी उपरणं सावरून उभे होते.

रघुनाथला पेनांगला एका मळ्यावरच्या शाळेत मास्तरची नोकरी लागली होती. नागपट्टणमहून सुटणारी बोट अकरा दिवसांवर आली होती. पासपोर्टाशिवाय बोट नाही, आणि बाप ठरल्याशिवाय पासपोर्ट नाही. तहसीलदारांनी वाट सोपी करून दिली. हनुमंतरावांनी शपथेवर सांगायचं की मुलगा माझा, म्हणजे जन्मनोंद दुरुस्त होईल. किंवा सांगायचं की माझा नाही, म्हणजे शाळेचा दाखला दुरुस्त होईल.

“मला दोन्ही चालेल,” ते म्हणाले. “कागद संध्याकाळच्या टपालानं मद्रासला जायला हवा.”

खरं तर यात लपवण्यासारखं काही नव्हतं. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, असं म्हणतात. हनुमंतरावांच्या घरी म्हातारी नव्हे, तीन तान्ही बाळं लागोपाठ गेली होती, आणि काळ चांगलाच सोकावला होता. चौथा झाला तेव्हा त्यांनी त्या मुलखातला जुना उपाय केला. बाळ शेजारच्या महालिंगांना पसाभर कोंड्याला विकलं. मूल दुसऱ्याचं, त्यातून कोंड्याच्या मोलाचं, म्हटल्यावर यम कशाला वळून बघेल? हे पुष्कळजण करतात आणि बारशाची भांडी घासून होईपर्यंत विसरूनही जातात. हनुमंतराव विसरणारे नव्हते. सौदा म्हणजे सौदा. ते महालिंगांना घेऊन नगरपालिकेत गेले आणि बापाच्या रकान्यात त्यांचंच नाव घालून आले. शाळेत मात्र हेडमास्तर ओळखीचे निघाले. त्यांनी कुणाला न विचारता खरं नाव लिहून टाकलं.

रघुनाथ वाढला हनुमंतरावांच्याच घरात, त्यांच्याच पानाला पान लावून. पण त्यांना तो काका म्हणे आणि शेजारच्या महालिंगांना अप्पा. मुंजीत कोंडा परत करू आणि सोडवून घेऊ, असं हनुमंतराव म्हणाले होते. मुंज झाली. मग म्हणाले, मॅट्रिक होऊ दे. मॅट्रिक होऊन सात वर्षं झाली.

आज सकाळी रघुनाथनं स्वतःच भाताच्या गिरणीतून पसाभर कोंडा आणून रुमालात बांधला होता. परत जाताना काकांनी तो महालिंगांच्या बायकोच्या, अलमेलूअम्मांच्या हातात ठेवायचा, की सौदा फिटला. त्याआधी त्यांच्या तोंडून एकदा ‘माझा मुलगा’ ऐकायचं. बोटीइतकीच त्याला त्या दोन शब्दांची ओढ होती. खरं सांगायचं तर थोडी जास्तच.

आणि काका खोटं बोलणार नाहीत याची त्याला खात्री होती. हनुमंतराव तिरुभुवनमला विणकरांच्या सोसायटीत शालूंवरची जर पारखायचं काम करत. कसोटीवर घासून ती खरी की खोटी हे ते एका शब्दात सांगत, आणि त्यावर कुणी दुसरा शब्द काढत नसे. सख्ख्या भाचीच्या लग्नाचा शालू त्यांनी भर मांडवात खोट्या जरीचा म्हणून सांगितला होता. बहीण तेव्हापासून बोलत नव्हती.

“ईश्वराला स्मरून सांगा,” शंकरनारायण म्हणाले. “हा मुलगा तुमचा आहे?”

हनुमंतरावांनी रघुनाथकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले.

कारकुनानं लिहून घेतलं. हनुमंतरावांनी सही केली. शिक्का बसला. रघुनाथचे कान तापले. खिशातली रुमालाची गाठ त्यानं घट्ट धरून ठेवली. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही गिळण्यावाचून इलाज नव्हता. कागद झाला होता, बोट मिळणार होती. तक्रार करायची ती कसली?

“झालं,” तहसीलदार म्हणाले. हनुमंतराव जागचे हलले नाहीत.

“याची एक प्रत मला पाहिजे. शिक्क्यासकट.”

“तुम्हाला कशाला? मुलगा तुमचा नाही, असं आत्ताच सांगितलंत.”

“म्हणूनच पाहिजे.”

शंकरनारायणांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं दुसरी प्रत काढली, तिच्यावरही शिक्का मारला. हनुमंतरावांनी तो नीट लागला आहे ना, हे उजेडात धरून पाहिलं. मग कागदाची चौघडी करून कनवटीला लावली.

दोघं कचेरीच्या पायऱ्या उतरले. खाली आल्यावर रघुनाथ कचेरीतली तमिळ सोडून घरच्या मराठीत बोलला.

“काका, हा कागद कोणास दाखवावयाचा?”

“तूं बोटीवर असतां तो घरीं विचारायास आला, तर असावा.”

“कोण तो?”

“तिनदां येऊन गेला आहे,” हनुमंतराव म्हणाले. “घर ठाव आहे त्यास.”