शिक्क्याचा नमस्कार

गावाला पाणी शुद्ध करायचं यंत्र मिळणार होतं, त्याच्या करारावर शिक्के मारायचं काम चाललं होतं. पहिला शिक्का जपानी साहेबांचा पडला, एकदम ताठ. सात महिने गावात राहून, विहिरीत उतरून सगळी मोजमापं घेतली होती ती त्यांच्याच कंपनीतल्या युकोनं. तिनं आपला शिक्का साहेबांच्या शेजारी मारला, तो मात्र त्यांच्याकडं कललेला.

सरपंच केशरबाईंना राहवेना. "वाकडा काहून मारला वं माय?"

युको मोडकीतोडकी मराठी शिकली होती. "आमच्या ऑफिसात हाताखालच्याचा शिक्का साहेबाच्या शिक्क्याला वाकतो. मी बाई. वीस वर्षं हाताखालीच."

तेवढ्यात केशरबाईंच्या नवऱ्यानं, सटवाजीरावांनी, नेहमीच्या सवयीनं खिशातून सरपंचाचा शिक्का काढला. केशरबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि युकोच्या शिक्क्याशेजारी उमटवला, चांगला डावीकडं, तिच्या शिक्क्याकडं कलवून.

"अगं, साहेबाला आपण काहून वाकायचं?" सटवाजीराव कुजबुजले.

"साहेबाला न्हाई, ह्या लेकराला वाकले. हिरीत ती उतरली व्हती."

सटवाजीरावांची नजर उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या साक्षीदाराच्या सहीवर गेली. "मंग माझ्याकडं पाठ काहून केली तुझ्या शिक्क्यानं?"

केशरबाईंनी शिक्का पदराच्या गाठीत बांधला.

"तीन सालं तुमच्याच खिशात तोंड खुपसून व्हता त्यो. आज बाहीर आलाय, जरा दुसरीकडं बघू द्या की!"