बिनजमिनीचा आरोपी

"कासमभाई, शेवटचं विचारते. तुमच्या नावावर जमीन नाही ना?"

"ढेकूळसुदिक न्हाई, मॅडम," कासम टेलर म्हणाला.

"मग आशा आहे. नाहीतर पाच वर्षं आत." शिरूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात सुवर्णा वकील पुकाऱ्याची वाट बघत होत्या.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये कालव्याची भिंत बाराजणांनी मिळून पहारींनी फोडली. खालच्या दोन गावांचं पाणी त्यांच्या कांद्यात गेलं. पोलिसांना कुणाचं तरी नाव देणं भाग होतं. त्या बारांतले सोपानआप्पा कासमच्या दुकानात आले, मशीनशेजारी बसले.

"तुला वावर न्हाई. जज म्हनंल, ह्यानं काय शिलाई मशीनला पाणी पाजाया कालवा फोडला व्हय? आठ दिसांत सुटशील. सुटलास की अर्धा एकर तुझा."

बाराही घरांचे सदरे कासमच शिवायचा. प्रत्येकाच्या पोटाचा घेर त्याला पाठ होता, त्यामुळं माणसं आपल्याला कळतात असा त्याचा समज होता. तो हो म्हणाला. आठ दिवसांची तीन वर्षं झाली.

"तुम्ही सुटलात तर ते बाराजण अडकतील, माहीत आहे ना?" वकीलबाई म्हणाल्या. "फोडणारा सापडला नाही की ज्यांची ज्यांची शेतं भिजली, त्या सगळ्यांकडून वसुली होते."

"आप्पांना ठावं आसंल की. तरीबी सोडवत्यात. मोठ्या मनाचा मानूस हाय."

तेवढ्यात सरकारी वकिलांचा कारकून आला. "मॅडम, आमच्याकडून हा एक कागद जोडतोय," म्हणून एक नक्कल देऊन गेला.

वकीलबाईंनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग कासमपुढं धरली.

सातबारा होता. आप्पांचाच गट, कालव्याला लागून. पीक कांदा, अर्धा एकर. कसणाऱ्याच्या रकान्यात कासमचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. त्यानं ते अक्षर अक्षर लावून वाचलं. त्याचे डोळे भरून आले.

"बगा! सुटायच्या आदीच शब्द पाळला आप्पांनी."

वकीलबाईंनी नोंदीखालच्या तारखेवर बोट ठेवलं.

"कालवा मार्चमध्ये फुटला, कासमभाई. ही नोंद त्याच सालच्या जानेवारीतली आहे."