सात पास

"आणखी जोरानं बांध," धीरज म्हणाला.

त्याच्या बायकोनं, रीतानं, पट्टी आवळली. उजवा गुडघा सकाळपासून टम्म फुगला होता.

"काऊन जाता असा गुडघा घेऊन?" ती म्हणाली.

"आज नाई गेलो तं उद्यापासून तुह्या भावाच्या दुकानात खिळे तोलत बसा लागन."

 रीताच्या भावाचं, हेमराजचं, हिंगणघाटात हार्डवेअरचं दुकान होतं. भाऊजींसाठी त्यानं गल्ल्याशेजारी एक स्टूल आतापासूनच आणून ठेवलं होतं. सहा फूट तीन इंचांचा माणूस त्यावर मावेल कसा, हा विचार मात्र कोणी केला नव्हता.

धीरज छत्तीसचा. नऊ वर्षं पैशासाठी बास्केटबॉल खेळलेला. गेल्या वर्षी क्लबनं बोलावणंच धाडलं नाही. न भांडण, न निरोप, नुसता फोन वाजायचा थांबला. आता पुण्याच्या एका संघाच्या प्रशिक्षक, सुनीती मॅडम, निवड चाचणीसाठी वर्ध्यात यायच्या होत्या. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "एकच जागा उरली आहे. तुम्ही आणि राजस, दोघंही या."

राजस पवनारचा. एकोणीस वर्षांचा पोट्टा, आणि आजकाल ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचंच नाव. शाळेमागच्या मैदानावर धीरजनंच त्याला घडवलं होतं. तू नुसता पळ, हात उघडे ठेव, मागं पाहू नको, बॉल येईल, ही पहिली शिकवण. आणि बॉल यायचा. धीरजचा पास म्हणजे ताटात वाढून दिल्यासारखा. पण गेल्या दिवाळीत पेपरात दोघांचा फोटो छापून आला, तेव्हा त्यात राजस अख्खा होता आणि धीरजचं नुसतं कोपर. ते कोपर धीरजच्या मनात अजून सलत होतं.

वर्ध्याच्या मैदानावर बाकीची पोरं चाचणीचा फॉर्म भरत होती. राजस पायरीवर बसून निवांत केळं खात होता. पायात नवे कोरे बूट.

"कोणी घेऊन देल्ले बे?"

"मामानं," राजस नाडीकडं बघत म्हणाला.

"अन् फॉर्म?"

"मागंच भरला, भाऊ."

मॅडमनी दोघांना एकाच बाजूनं उतरवलं. स्वतः खुर्ची घेऊन बसल्या त्या बास्केटजवळ नाही, तर मैदानाच्या कडेला, ऐन मधल्या रेषेसमोर. मांडीवर वही.

सामना सुरू व्हायच्या आधी राजस धीरजच्या कानाशी आला. "भाऊ, एक सांगू? आज तुमी बास्केट मारू नका. फक्त मले बॉल देत राहा."

"काऊन?"

राजसनं चोरून मॅडमकडं पाहिलं. "असंच. ऐका न माह्यं."

धीरजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय हिंमत आहे, बाप्पा! कालपर्यंत बुटाची नाडी बांधता येत नव्हती, आणि आज म्हणतो, तुम्ही हात बांधून उभे राहा, पॉइंट सारे मीच नेतो!

पासच दिला नाही तर मॅडमच्या डोळ्यांत येईल, हे धीरजला कळत होतं. इतक्या वर्षांत तेवढं तरी शिकला होता. त्यानं पास दिले. फक्त वीतभर खाली, किंवा डोळ्याचं पातं लवण्याइतके उशिरा. बघणाऱ्याला वाटावं, घेणाऱ्याच्याच हातून बॉल निसटतो. असला पास द्यायलाही कसब लागतं, आणि ते त्याच्याकडं होतं.

पहिला राजसच्या गुडघ्यावर आदळला. लोक हसले. दुसऱ्यानं त्याचं बोट मुरगळलं. तरी पोट्टा प्रत्येक वेळी तसाच पळायचा, हात उघडे ठेवून, मागं न पाहता.

"भाऊ, खाली येऊन राह्यला," चौथ्या वेळी तो म्हणाला.

"हात नीट ठेव न!" धीरज मॅडमला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडला.

दर वेळी मॅडम वहीत काहीतरी टिपत होत्या. धीरजला मनातून उकळ्या फुटत होत्या. या पासांच्या अधेमधे त्यानं स्वतः चोवीस पॉइंट केले. गुडघ्यात विंचू डसत होते, पण टाळ्या वाजत होत्या, आणि त्या त्याच्यासाठी होत्या. सातवा पास राजसच्या थेट नाकावर बसला. शर्ट रक्तानं भिजला. धीरजला क्षणभर वाईट वाटलं, नाही असं नाही. मग त्याला ते स्टूल आठवलं.

सामना संपला. धीरज लंगडत मॅडमपाशी गेला. मागोमाग नाकाला रुमाल लावून राजसही धावत आला.

"मॅडम, चूक माही होती," तो घाईघाईनं म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "भाऊचा पास कधीच चुकत नाई. माहेच हात चालले नाई आज."

धीरजनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खरं बोलते पोट्टा. कच्चा आहे अजून. पुढच्या वर्षी पाहा त्याले."

मॅडमनी वही त्याच्यापुढं उघडी धरली. पानावर नाव एकच होतं, धीरजचं. त्याखाली सात फुल्या.

"राजसचा करार जूनमध्येच झालाय, फक्त जाहीर व्हायचाय. कोणाला सांगू नको, असं मीच त्याला बजावलं होतं," त्या म्हणाल्या. "सही करताना त्यानं एकच अट घातली, पास देणारे धीरजभाऊच पाहिजेत. म्हणून मी आज फक्त तुमचे हात बघायला आले होते."