मागचा डावा कोपरा

"थांबव, थांबव! मागचा डावा कोपरा पार गिळला की रे यानं!" दिनकरराव खुर्चीतून ओरडले, आणि योगीराजनं रिमोटचं बटण दाबलं.

गंगाखेडातल्या त्या खोलीत पाच स्पीकर होते. तीन पुढं, दोन मागं, आणि बरोबर मधोमध दिनकररावांची लोखंडी खुर्ची. पन्नास वर्षांपूर्वीचा एक विलायती रॉक अल्बम दोन तऱ्हांनी ऐकणं चाललं होतं. एक मिक्सिंग जुनं, त्याच काळात चार बाजूंच्या आवाजासाठी केलेलं. दुसरं नवं, कुणा तरुण इंजिनिअरनं मूळ टेपांवरून यंदा पुन्हा बसवलेलं. कुठलं वाद्य कुठल्या स्पीकरमधून यावं, एवढाच काय तो खेळ. पण या खेळात दिनकररावांच्या कानाला तोड नव्हती. तीस वर्षं त्यांनी सप्ताहांचे अन् लग्नांचे कर्णे लावले होते. त्याआधी हैदराबादेत रेडिओदुरुस्ती शिकताना हे विलायती वेड लागलं, ते काही उतरलं नाही. देशभरातले असलेच वेडे मोबाईलवरच्या एका ग्रुपात जमले होते. आज सगळे दिनकररावांच्या निकालाची वाट बघत होते.

योगीराज कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. नवी डिस्क त्यानंच मागवली होती, आणि निकाल टाइप करायचं कामही त्याच्याकडंच.

"लिही," दिनकरराव म्हणाले. "तिसऱ्या गाण्यात मागच्या डाव्या कोपऱ्यात एक घंटी हाय. बारीक, देवघरातल्यावानी. जुन्यात ती मानेमागं वाजायची, अंगावर काटा यायचा. या गड्यानं ती उडवून टाकली. लिही, नवं मिक्सिंग बेकार हाय."

"काका, मला तर आल्यासारखी वाटली."

"तू बसलास दारात. तिथून काय कळायलंय तुला, माती?"

योगीराजनं मुकाट्यानं टाइप केलं.

"झालं का गोऱ्यांचं भजन?" कमलबाईंनी आतून विचारलं. "चहा टाकू?"

दिनकररावांनी नुसती मान हलवली. ही खोली स्पीकरांनी अडवल्यापासून बायको आपल्यावर रुसलीय, असं त्यांनी धरून चाललं होतं. चाळीस वर्षं संध्याकाळच्या चहाला ती दारापुढच्या ओट्यावर त्यांच्या डाव्या अंगाला बसायची. लग्नात भटजींनी बसवली होती, तीच बाजू. दोन वर्षांपूर्वी एक दिवस उठली आणि उजवीकडं जाऊन बसली. विचारलं तर म्हणाली, तिकडं ऊन लागतं. हे निमित्त आहे, एवढं काय त्यांना कळत नव्हतं होय! पुन्हा त्यांनी विचारलं नाही. वाईट मात्र लय वाटलं होतं.

"पाठवू का?" योगीराजचं बोट मोबाईलवर थांबलं होतं.

"थांब. आधी जुनं लाव. दुसऱ्याच्या कामाला नाव ठेवायचं तर दाखवून ठेवावं."

जुनं लागलं. तिसरं गाणं आलं. घंटीची जागा जवळ आली तसं दिनकररावांनी बोट वर केलं. जागा आली आणि गेली. बोट तसंच हवेत राहिलं.

"वायर ढिली असंल," ते म्हणाले. उठले, स्क्रू आवळले, गाणं पुन्हा लावलं. घंटी नाही. मग दोन्ही मागचे स्पीकर अदलाबदल केले. घामाघूम झाले बिचारे, पण घंटी काही येईना. शेवटी काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी खुर्चीच उलटी फिरवली. आता तो कोपरा उजव्या हाताला आला.

घंटी वाजली. स्वच्छ, बारीक, देवघरातल्यासारखी.

त्यांनी खुर्ची सरळ केली. घंटी गेली. पुन्हा उलटी केली. आली. योगीराजनं सगळं बघितलं आणि नजर मोबाईलमध्ये घातली.

तेवढ्यात कमलबाई चहा घेऊन आल्या. दार खोलीच्या एका अंगाला, खुर्ची उलटी असल्यानं आता दिनकररावांच्या डाव्या हाताशी. तिथून कप सहज हातात देता आला असता. पण त्या वायरी ओलांडत, स्पीकरांमागून वळसा घालून पलीकडं गेल्या आणि उजव्या बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "घ्या."

दिनकररावांनी कप घेतला. "कमल, या गाण्यात घंटी ऐकू येती का तुला?"

"येती की. सैपाकघरात बी येती."

"आजच्या नव्यात?"

"दोन्हीत बी हाय."

दिनकररावांनी त्या कोपऱ्याकडं वळून बघितलं. हातातला चहा बशीत सांडला. तीस वर्षांचं नाव त्या कानावर उभं होतं, आणि ते मोडणंही त्यांच्याच हातात आलं होतं.

"योगीराज, पुसून टाक ते," ते म्हणाले. "लिही, नवं मिक्सिंग चांगलं हाय, घंटी जागच्या जागी हाय. माझा डावा कान गेलाय."

"काका, कान गेल्याचं कशाला लिहायचं..."

"लिही मनलं ना. त्या पोराची काय चूक?"

योगीराजनं लिहिलं, पाठवलं आणि उगाच पाणी प्यायला बाहेर गेला. दिनकररावांनी बायकोकडं बघितलं.

"तुला कवापासून म्हाईत हाय?"

"दोन वर्सं झाली."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"साऱ्या गंगाखेडात तुमच्या कानाचं नाव. मी कशी मनू, ऐकू येईना मनून?"

दिनकररावांना ओटा आठवला.

"अन् ते... तिकडं ऊन लागतं मनलीस ते?"

कमलबाईंनी त्यांच्या हातातली भरलेली बशी काढून घेतली.

"आपला ओटा उगवतीकडं. सांजच्या चहाला तिथं कुठलं वो ऊन?"