खालचा थर

“पुसू का भाऊ?” संघप्रियानं विचारलं.

लटारूभाऊ कॉम्प्युटरच्या आडवाच आला. वडशाच्या नाट्यमंडळाकडं त्याच्या गाजलेल्या नाटकाची एकच नोंद उरली होती. जुन्या कॅसेटला बुरशी लागली, नाटकात त्याच्यासोबत उभी राहणारी बायको धुरपता कधीचीच गेली. दोघांचे आवाज आता काय ते कॉम्प्युटरात, आणि ही पोरगी तेच पुसायला निघालेली!

“वापस येईन ना वं पोरी?”

“पुसून परत आणलं नाई, तर माहं काम खोटं.”

पोरगी मोठी हिकमतीची. नागपूरला कॉम्प्युटरची नोकरी, तिथून आपणहून सुट्टी काढून आली आणि नाटकं जपायला तीन थर रचले. नेहमी लागणारी नाटकं झटपट डिस्कवर, क्वचित लागणारी मोठ्या पण संथ डिस्कवर, अन् सगळ्यांची एक प्रत सगळ्यात खाली, कॉम्प्युटरच्या टेपवर. टेप ठेवायच्या नागभीडला, म्हणजे इथं वीज पडली तरी नाटक जिवंत. “रोजचे तांदूळ डब्यात, सालाचे धान ढोलीत, अन् बियाणं वेगळंच,” असं ती म्हणाली तेव्हा लटारूभाऊला सगळं उमगलं. वा रे पोरी!

एकच गोष्ट त्याला खटकली. पडद्यामागून संवाद सांगणाऱ्या पोचूची खुसफूस नोंदीत ऐकू येई. बिचारा पोचू तरुणपणीच गेला, पण आवाज काही जाईना.

“तेवढं काढून टाक,” भाऊ म्हणाला होता.

“टेपवर हाये तसंच जाईन.”

बाकी पोरगी त्याच्या अभिनयावर फिदा होती. संवादाआधी तो जिथं थांबायचा, तिथं ती हेडफोन कानाशी दाबून डोळे मिटायची. तोच तुकडा पुन्हा पुन्हा! खरं सांगायचं तर तिथं त्याला संवाद आठवत नसे. पण लोक टाळ्या देत, मग आपण कशाला बोला?

“पूस,” भाऊ म्हणाला.

दोन्ही डिस्कवरून नाटक गेलं. नागभीडहून आणलेली टेप मशीनमध्ये शिरली. मशीन घरघरलं, मग बराच वेळ गप्प. भाऊनं मनात धुरपताला हाक मारली.

“धनी, बोला ना!” स्पीकरमधून धुरपताच बोलली. मग तो थांबला, पोचूची खुसफूस आली, अन् मागोमाग त्याचा खणखणीत आवाज.

भाऊनं टाळी पिटली. वळून पाहतो तर संघप्रिया ढसाढसा रडत होती.

“काऊन रडून राह्यली वं? माहा डायलॉग एवढा लागला?”

“नाई भाऊ. तो पोचू माहा बाबा होय. त्याचा दुसरा आवाज कुठीच नाई.”